ठिणगीची वेळ आणि एक बारीक नळी



जुनी मोटार घरीं बाळगणाऱ्या माणसाला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, हा भाग बदला. दुसरा म्हणतो, हा भाग काढूनच टाका. पहिल्या सल्ल्यानें पैसे जातात, हें लगेच दिसतें. दुसऱ्या सल्ल्यानें काय जातें, तें पुष्कळ दिवस कळत नाहीं. मला तें कळावयास एक घाट चढावा लागला. आज ज्या वस्तूविषयीं मी बोलणार आहें, ती पेन्सिलीपेक्षांहि बारीक अशी एक नळी आहे. ती कार्बोरेटरपासून निघते व डिस्ट्रिब्यूटर नांवाच्या भागाला जाऊन मिळते. या योजनेला 'व्हॅक्युम ॲडव्हान्स' असें म्हणतात. ती कशासाठीं असते, कोठें जोडावी, आणि जोडल्यावर ती आपलें काम करीत आहे हें कसें ओळखावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम माझी हकीकत सांगतों. आमच्या थोरल्या बंधूंची १९६८ सालची ॲम्बॅसॅडर गाडी त्यांच्या पश्चात् मजकडे आली. मीं आयुष्यभर शाळेंत मुलांना गणित व शास्त्र शिकविलें. पण मोटारीचें शास्त्र खडूनें फळ्यावर काढतां येतें तेवढेंच मला ठाऊक होतें. गाडी पहिल्यासारखी धांवेना, पेट्रोल अधिक पिऊं लागली, म्हणून २०१६ सालीं मीं ती एका कारागिराला दाखविली. त्यानें ही नळी ओढून काढली, कार्बोरेटरकडील भोंकावर रबरी टोपण बसविलें आणि सांगितलें, "मास्तर, ही सगळी प्रदूषणाची भानगड आहे. हिच्यावांचून कांहीं अडत नाहीं." मग इंजिन सुस्त वाटूं नये म्हणून त्यानें डिस्ट्रिब्यूटर अंमळ फिरवून तेथेंच घट्ट केला. गाडी गांवांत खरोखरच चपळ वाटूं लागली. मीं त्याचे आभार मानले.

पुढच्याच महिन्यांत वहिनींना पुण्याहून साताऱ्यास आणीत होतों. खंबाटकीच्या घाटांत अर्ध्या वाटेवर इंजिनांतून असा आवाज येऊं लागला, कीं जणूं कोणी पत्र्याच्या डब्यांत खडे घालून हलवीत आहे. मागोमाग बॉनेटखालून वाफ निघूं लागली. रस्त्याच्या कडेला तासभर उन्हांत बसावें लागलें. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांच्या हातीं ही गाडी कधीं अशी कण्हली नव्हती." उन्हापेक्षां तें वाक्य मला अधिक लागलें. घरीं आल्यावर मीं बंधूंची पेट्रोलची वही काढली. तींत किती पेट्रोल घातलें व गाडी किती चालली याची तारीखवार नोंद तर होतीच, पण दर सहा महिन्यांनीं एक ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली होती : "नळी पाहिली. पडदा ठीक." ही नळी कोणती व हा पडदा कोणता, याचा शोध घेतां घेतां मला जें समजलें, तें आपणांस सांगतों.

पेट्रोलच्या इंजिनांत दट्ट्या वर येतांना पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दाबतो. तो वरच्या टोंकाला पोंचण्याच्या सुमारास प्लगमध्यें विजेची ठिणगी पडते, मिश्रण पेटतें, आणि त्याच्या दाबानें दट्ट्या खालीं ढकलला जातो. पुष्कळांची अशी समजूत असते, कीं ठिणगी पडतांच तोफेसारखा एकदम भडका होतो. तसें होत नाहीं. ज्वाळा प्लगपाशीं जन्मते व तेथून सर्व मिश्रणांत पसरत जाते. या पसरण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. पण इंजिनाच्या दृष्टीनें तो थोडा नव्हे. गणितच करून पाहूं. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर सेकंदांत त्याचे १० फेरे होतात, म्हणजे तें ३६०० अंश फिरतें. सेकंदाच्या हजाराव्या भागांत तें ३.६ अंश फिरेल. तेंच इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेऊं लागलें, कीं तेवढ्याच अवधींत तें १८ अंश फिरून जातें.

दट्ट्या वरच्या टोंकावरून खालीं वळल्यावर सुमारें १२ ते १५ अंशांवर दाबाचा कळस यावा, म्हणजे त्या दाबाचा पुरा लाभ मिळतो. हें साधावयाचें तर ठिणगी दट्ट्या वर पोंचण्याच्या आधींच पाडली पाहिजे. या आधीं पाडण्यालाच 'ॲडव्हान्स' म्हणतात. आपण तिला आगाऊ ठिणगी म्हणूं. ठिणगी फार आगाऊ पडली, तर दाब वर येणाऱ्या दट्ट्यालाच अडवितो. आणि ज्वाळा पोंचण्यापूर्वींच कडेचें मिश्रण आपोआप पेटून धक्के देऊं लागतें. घाटांत ऐकला तो खड्यांचा आवाज हाच. तो फार काळ चालूं दिला, तर दट्ट्याचा माथा जळतो किंवा फुटतो. उलट ठिणगी उशिरा पडली, तर दट्ट्या आधींच खालीं निघून गेलेला असतो, आणि पेट्रोलची उष्णता चाकांना न मिळतां रेडिएटरच्या पाण्यांत व सायलेन्सरच्या वाटेनें बाहेर जाते.

मग ठिणगी किती आगाऊ असावी? या प्रश्नाला एकच उत्तर नाहीं, आणि सारी अडचण तेथेंच आहे. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडींत सुकाणूच्या चक्राखालीं दोन लहान दांडे असत. उजव्या दांड्यानें इंजिनाचा जोर कमी-अधिक होई व डाव्यानें ठिणगी पुढें-मागें सारतां येई. चालकानें कानानें ऐकावें व हातानें सारावें, असा तो व्यवहार होता. हातानें फिरवून इंजिन चालू करतांना डावा दांडा मागें घेण्याचें विसरलें, तर इंजिन उलटा झटका देई आणि हात मोडण्याचा प्रसंग येई. पुढें हें काम माणसाच्या हातून काढून दोन स्वयंचलित योजनांकडे सोंपविण्यांत आलें. त्या दोन्ही डिस्ट्रिब्यूटरमध्यें आहेत.

डिस्ट्रिब्यूटर म्हणजे सर्व प्लगांना क्रमानें वीज वांटणारा भाग. आपल्याकडील कारागीर त्याला 'डेलको' असेंहि म्हणतात. त्याच्या मध्यभागीं एक दांडा असतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत त्याचा एक फेरा होतो. दांड्याच्या माथ्याशीं चार कोंपऱ्यांचा कॅम असतो. एकेक कोंपरा येतांच 'पॉइंट' उघडतात, आणि ते उघडतांच ठिणगी पडते. तेव्हां ठिणगी लवकर पाडावयाची तर दोन उपाय संभवतात. एक तर कोंपरा पुढें सरकवावा. नाहींतर ज्या तबकडीवर पॉइंट बसविलेले असतात, ती तबकडीच कोंपऱ्याला सामोरी आणावी. पहिला उपाय वेगासाठीं योजिला आहे. तबकडीखालीं दोन लहान वजनें स्प्रिंगांनीं बांधलेलीं असतात. वेग वाढला कीं तीं बाहेर फेंकलीं जातात व कॅमला फिरण्याच्या दिशेनेंच थोडा पुढें सारतात. दुसरा उपाय आपल्या नळीचा.

पण वेगाची सोय झाल्यावर दुसरी योजना हवी कशाला? कारण असें, कीं वेग एकच असतांहि इंजिनावरचा भार निरनिराळा असतो. एक गाडी सपाट रस्त्यानें जात आहे व दुसरी, त्याच गियरमध्यें व त्याच वेगानें, चढण चढत आहे, असें समजा. दोहोंच्या इंजिनांचे फेरे सारखे. परंतु चढणीवर चालकाचा पाय पुरा दाबलेला असतो, सपाटीवर तो जेमतेम टेंकलेला असतो. पाय नुसता टेंकलेला असतांना कार्बोरेटरमधील झडप बहुतेक मिटलेली असते. सिलिंडरमध्यें मिश्रण थोडें शिरतें, तें विरळ असतें, आणि मागल्या खेपेचा जळका वायु त्यांत प्रमाणानें अधिक असतो. अशा मिश्रणांत ज्वाळा सावकाश पसरते. ओलें सरपण असलें म्हणजे चूल नेहमींपेक्षां लवकर पेटवावी लागते, तशी येथें ठिणगी अधिक आगाऊ पाडावी लागते. चढणीवर मिश्रण दाट असतें, तें चटकन् पेटतें. तेथें तोच आगाऊपणा घातक होतो. वेगावर चालणाऱ्या वजनांना हा भेद कळत नाहीं. तो कळतो शोषणाला, आणि शोषणाची बातमी डिस्ट्रिब्यूटरपर्यंत नेते ती ही नळी.

शोषण म्हणजे काय, हें बॅरोमीटर आठवला म्हणजे स्पष्ट होईल. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारें ३० इंच उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो, हें आपण शाळेंत शिकलों आहों. इंजिनाचे दट्ट्ये हवा आंत ओढीत असतात, आणि झडप मिटलेली असल्यामुळें ती पुरेशी येऊं शकत नाहीं. म्हणून झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूस, हवा विरळ होते. निरोगी इंजिन मंद चालत असतां ही तूट पाऱ्याच्या १८ ते २० इंचांइतकी भरते. पाय पुरा दाबला कीं झडप उघडते व तूट जवळ जवळ शून्यावर येते. उंचावर हवाच विरळ असल्यानें दर हजार फुटांस ही तूट सुमारें एक इंचानें कमी दिसते. महाबळेश्वर सुमारें ४५०० फुटांवर आहे; तेथें मापकानें चार-साडेचार इंच कमी दाखविले, तर इंजिनाला दोष देऊं नये.

नळीचें दुसरें टोंक डिस्ट्रिब्यूटरच्या कुशीला असलेल्या एका चपट्या डबीला मिळतें. डबीच्या आंत रबरी पडदा असतो. बंधूंच्या वहींतला पडदा तो हाच. पडद्याच्या एका अंगाला नळी व स्प्रिंग, दुसऱ्या अंगाला मोकळी हवा. नळींत तूट पडली कीं बाहेरची हवा पडद्याला दाबते, पडदा एका बारीक दांडीनें तबकडीला ओढतो, आणि तबकडी कॅमच्या फिरण्याच्या उलट दिशेनें सरकते. पॉइंट लवकर उघडतात. तूट नाहींशी होतांच स्प्रिंग सारें पूर्ववत् करते. लूकस पद्धतीच्या डबीवर तीन आंकडे ठोकलेले असतात. समजा, ते ५-१३-१० असे आहेत. तर ५ इंच तुटीला पडदा हलूं लागेल, १३ इंचांना तो पुरा हललेला असेल, आणि तबकडी जास्तींत जास्त १० अंश फिरेल, असा त्यांचा अर्थ. हे अंश डिस्ट्रिब्यूटरचे. तो निम्म्या वेगानें फिरत असल्यामुळें इंजिनाच्या पुलीवर ते २० भरतात. घाटांत तूट ५ इंचांच्या खालीं गेली, कीं हे वीसच्या वीस अंश न सांगतां परत घेतले जातात. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मला साऱ्या नोकरींत मिळाला नाहीं.

आतां माझ्या गाडीचें काय झालें तें आपल्या ध्यानांत येईल. पडदा फाटला होता. म्हणून सपाटीवर मिळावयाचे अंश मिळत नव्हते, आणि गाडी सुस्त व खादाड झाली होती. कारागिरानें फाटका पडदा न बदलतां नळीच काढली, व उणीव भरून काढण्यासाठीं सबंध डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठेवला. जें प्रसंगीं द्यावयाचें व प्रसंगीं काढून घ्यावयाचें, तें त्यानें कायमचें देऊन टाकलें. गांवांत तें गोड लागलें, घाटांत बाधलें. लोक म्हणतात, ही नळी असली कीं इंजिन चढणीवर कडकडतें. खरी गोष्ट उलट आहे : भरपूर भाराच्या वेळीं नळींत शोषणच नसतें, मग ती ठिणगी पुढें ओढणार कशानें? प्रदूषणाची गोष्टहि अर्धवट ऐकलेली. १९७० च्या सुमारास अमेरिकन गाड्यांत धूर शुद्ध करण्याच्या हेतूनें या नळीच्या वाटेंत निरनिराळ्या झडपा घालण्यांत आल्या, हें खरें; पण नळी स्वतः त्यापूर्वींच, १९३० नंतरच्या दशकांत, प्रचारांत आली, आणि ती पेट्रोल वांचविण्यासाठीं. तथापि सारा दोष कारागिराच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. वही माझ्याच कपाटांत होती.

आतां जोडणीकडे वळूं. पहिला प्रश्न, नळी जोडावी कोठें? शोषण घेण्याच्या जागा दोन. एक, झडपेच्या पलीकडील मॅनिफोल्डवर. तेथें इंजिन मंद चालत असतांहि पुरें शोषण मिळतें. दुसरी, कार्बोरेटरच्या अंगावर, झडपेच्या अगदीं कडेशीं पाडलेलें बारीक भोंक. झडप मिटलेली असतांना हें भोंक बाहेरच्या बाजूस राहतें व त्यांत शोषण नसतें. झडप किंचित् उघडली कीं तिची कड भोंकाच्या पलीकडे जाते व शोषण सुरू होतें. आमच्या गाडीची व त्या काळच्या अनेक ब्रिटिश घडणीच्या गाड्यांची जागा ही दुसरी. जागा ओळखण्याची युक्ति सोपी आहे. इंजिन मंद चालत असतां भोंकावर बोट ठेवावें. बोट ओढलें जात नसेल, पण ॲक्सिलेटर थोडा उघडतांच ओढलें जाऊं लागेल, तर ती कार्बोरेटरकडील जागा होय. कोणती जागा श्रेष्ठ, या वादांत शिरूं नये. कारखान्यानें वजनें, स्प्रिंगा व डबी एकमेकांच्या हिशोबानें योजिलेलीं असतात. म्हणून त्यानें जेथें नळी जोडली होती तेथेंच ती जोडावी. जागा बदलली, तर मंद चालीलाच दहा-वीस अंश वाढतात व इंजिन विनाकारण जलद चालूं लागतें. पुढें तें आवरण्यासाठीं स्क्रू पिळण्याचा खेळ सुरू होतो.

दुसरें, नळी जोडण्याआधीं डबीची परीक्षा घ्यावी. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढावें, नळीचें कार्बोरेटरकडील टोंक पुसून तोंडानें हवा ओढावी आणि टोंकावर जीभ लावून तें बंद करावें. तबकडी सरकली पाहिजे, व अर्धा मिनिट तरी तशीच राहिली पाहिजे. ती सरकलीच नाहीं, तर पडदा फाटला आहे किंवा तबकडी गंजून बसली आहे. सरकून हळूं हळूं परत आली, तर कोठें तरी बारीक गळती आहे. तबकडीला जोडलेली एक लवचिक तारहि पाहून घ्यावी. तबकडी हजारों वेळां मागें-पुढें झाल्यानें ती आंतून तुटते व वरून धड दिसते. नळी जोडतांच इंजिन अडखळतें व काढतांच सुरळीत चालतें, असें दिसलें, तर पुष्कळदां दोष नळीचा नसून या तारेचा असतो. नळी काढून टाकण्याचा सल्ला कित्येकदां येथूनच जन्मत असावा.

तिसरें, टाइमिंग. इंजिन गरम करावें. लूकस डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटमधील फट ०.०१४ ते ०.०१६ इंच असावी लागते; ती आधीं ठीक करावी, कारण फट बदलली कीं टाइमिंगहि बदलतें. मग नळी काढून, कार्बोरेटरकडील भोंक बंद करून, इंजिन कारखान्यानें सांगितलेल्या मंद वेगावर ठेवावें व टाइमिंगच्या दिव्यानें पुलीवरची खूण कारखान्याच्या आंकड्याशीं जुळवावी. नळी जोडलेली ठेवून खूण जुळविणें, ही सर्वांत मोठी चूक. जुळविल्यावर नळी जोडण्यास विसरणें, ही दुसरी. थोडा फरक करावयाचा असेल, तर जुन्या लूकस डिस्ट्रिब्यूटरवर बोटांनीं फिरवावयाचें एक लहान खांचांचें चाक असतें. त्याजवळ 'ए' व 'आर' या इंग्रजी अक्षरांच्या खुणा असतात. पहिल्या खुणेकडे फिरविल्यास ठिणगी आगाऊ होते, दुसरीकडे फिरविल्यास उशिरा.

चौथें, नळी स्वतः. आमच्या इंजिनांत कार्बोरेटर एका बाजूस व डिस्ट्रिब्यूटर दुसऱ्या बाजूस असल्यामुळें ती इंजिन ओलांडून न्यावी लागते. ती एक्झॉस्टच्या तापलेल्या भागाला टेंकूं देऊं नये, कोठें मुडपूं देऊं नये, व तिच्या दोन्ही टोंकांच्या रबरी जोडण्या हातानें सहज निसटणार नाहींत इतक्या घट्ट असाव्या. रबर जाड भिंतीचें घ्यावें. पातळ नळी शोषणानें मिटते. आजच्या पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असतें, तें जुन्या धर्तीच्या रबराला मानवत नाहीं. तेव्हां पेट्रोलसाठीं म्हणून विकली जाणारी नळीच वापरावी. शेवटची परीक्षा अशी : इंजिन मिनिटाला सुमारें २००० फेऱ्यांवर ठेवून टाइमिंगच्या दिव्यानें पुलीकडे पाहावें, आणि नळी क्षणभर काढून पुन्हा लावावी. खूण मागें-पुढें उडी मारील. ती हलली नाहीं, तर नळी जोडलेली दिसते, पण तिचें काम चाललेलें नाहीं.

मीं नवी डबी बसविली, टाइमिंग मूळ आंकड्यावर आणून घेतलें व नळी तिच्या जागीं जोडली. त्याच वर्षीं पुन्हा एकदां वहिनींना घेऊन पुण्याहून निघालों. घाटाच्या पायथ्याशीं मीं बोलणें थांबविलें व कान देऊन बसलों. इंजिन चढलें, वळलें, पुन्हा चढलें. खड्यांचा आवाज कोठेंच नव्हता. वहिनींना विचारावें म्हणून मागें पाहिलें, तर त्या झोंपल्या होत्या. सुरूर आलें तेव्हां त्यांना जाग आली. त्या रात्रीं बंधूंच्या वहींत त्यांच्या शेवटच्या नोंदीखालीं मीं तारीख घातली आणि त्यांचीच ओळ लिहिली.

ज्यांच्या घरीं अशी एखादी जुनी गाडी असेल, त्यांनीं एवढेंच करावें. बॉनेट उघडून ती नळी दोन्ही टोंकांशीं जोडलेली आहे कीं नाहीं, हें पाहावें. नसेल, तर ती कोणी व कां काढली, याचा आधीं शोध घ्यावा, आणि मगच डिस्ट्रिब्यूटरला हात लावावा.